अमेरिकेतील हवाई वाहतूक नियंत्रकांचा १९८१ चा संप आणि मनुष्यबळ तुटवड्याचा इतिहास

प्रास्ताविक

३ ऑगस्ट १९८१ रोजी सकाळी अमेरिकेतील सुमारे १३,००० हवाई वाहतूक नियंत्रक संपावर गेले. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्याच दिवशी त्यांना कामावर परतण्यासाठी ४८ तासांची मुदत दिली. ती संपताच, ५ ऑगस्ट रोजी, परत न आलेल्या ११,३४५ नियंत्रकांना बडतर्फ करण्यात आले. आधुनिक अमेरिकेच्या कामगार इतिहासात ही घटना एक निर्णायक वळण मानली जाते. खाजगी उद्योगांतील मालकवर्गाला या घटनेने बळ मिळाले, संपकऱ्यांच्या जागी कायमस्वरूपी नवे कामगार नेमण्याची प्रथा रूढ झाली आणि मोठ्या संपांची संख्या झपाट्याने घटली, असे प्रतिपादन अनेक अभ्यासकांनी केले आहे. जोसेफ मॅककार्टिन यांचा २०११ मधील ‘कोलिजन कोर्स’ हा या विषयावरील सर्वांत सविस्तर ग्रंथ होय.

प्रस्तुत निबंधाचा रोख काहीसा वेगळा आहे. संप कोणी जिंकला व कोणी हरला हा प्रश्न येथे दुय्यम आहे. नियंत्रकांची अपुरी संख्या हे संपाचे एक प्रमुख कारण होते आणि संपाला शासनाने दिलेल्या उत्तरातून त्याहून मोठा तुटवडा निर्माण झाला. हा तुटवडा पुढील काही वर्षांत भरून निघाल्याचे शासनाने मानले. तथापि १९८२ नंतर एकाच वेळी भरती झालेली पिढी एकाच वेळी निवृत्तीच्या वयाला पोहोचली आणि १९८१ चे रिक्तपण पंचवीस वर्षांनी पुन्हा समोर उभे राहिले. या प्रक्रियेचा मागोवा घेणे हा या निबंधाचा उद्देश आहे.

व्यवसायाचे स्वरूप

हवाई वाहतूक नियंत्रकाची जागा रिकामी झाली तर ती लगेच का भरता येत नाही, हे समजण्यासाठी या व्यवसायाची रचना लक्षात घ्यावी लागते. विमानतळावरील मनोऱ्यातील नियंत्रक धावपट्टी व तिच्या लगतचे आकाश सांभाळतो. विमानतळाभोवतीच्या काही मैलांच्या टापूतील चढत्या-उतरत्या विमानांची जबाबदारी रडार कक्षावर असते, तर उंचावरून दूरच्या प्रवासाला निघालेली विमाने प्रादेशिक केंद्रांच्या स्वाधीन असतात. अमेरिकेत या तिन्ही पातळ्यांवरील बहुतेक नियंत्रक संघीय विमान वाहतूक प्रशासनाचे, म्हणजे एफएएचे, कर्मचारी असतात. प्रशिक्षणाचा आरंभ ओक्लाहोमा सिटी येथील अकादमीत होतो. तेथे अनेक उमेदवार गळतात. उरलेल्यांना नेमणुकीच्या ठिकाणी प्रत्यक्ष कामावर, अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली, पुढील दोन-तीन वर्षे शिकावे लागते. मोठ्या केंद्रांवर हा काळ याहूनही लांबतो.

येथे दोन बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, नियंत्रकाची पात्रता त्या त्या ठिकाणापुरती असते. शिकागोत पूर्ण पात्र ठरलेला नियंत्रक न्यूयॉर्कला बदलून गेला तर तेथील आकाशमार्ग, खुणा व कार्यपद्धती शिकून त्याला पुन्हा पात्रता मिळवावी लागते. त्यामुळे देशातील नियंत्रकांची एकूण संख्या पुरेशी दिसत असतानाही एखाद्या केंद्रावर तीव्र तुटवडा असू शकतो. दुसरी बाब अशी की, शिकवण्याचे काम कामावरील नियंत्रकांनाच करावे लागते. जेथे माणसे कमी तेथे शिकवायलाही माणसे कमी, आणि नेमकी तेथेच नव्या माणसांची गरज सर्वाधिक. तुटवडा स्वतःलाच पोसतो तो असा.

संपापूर्वीचा तुटवडा

३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही विमाने नियंत्रणाबाहेरील आकाशातून जात होती आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी कोणाही नियंत्रकावर नव्हती. या अपघाताने निर्माण झालेल्या लोकक्षोभातून १९५८ चा संघीय विमान वाहतूक कायदा झाला व एफएएची स्थापना झाली. १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर पुन्हा अशीच टक्कर झाली. जमिनीवरील सहा जणांसह १३४ बळी गेले. रडार यंत्रणेचा विस्तार या काळात झाला. परंतु जेट विमानांमुळे ज्या वेगाने वाहतूक वाढली, त्या वेगाने नियंत्रकांची संख्या वाढली नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क व शिकागोसारख्या ठिकाणी सहा दिवसांचा आठवडा आणि सक्तीचे जादा काम ही नित्याची बाब झाली होती.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जानेवारी १९६२ मध्ये काढलेल्या आदेशान्वये संघीय कर्मचाऱ्यांना संघटना करण्याचा व मर्यादित वाटाघाटींचा अधिकार मिळाला होता. संपाचा अधिकार मात्र कायद्याने नाकारलेला होता व नोकरीत प्रवेश करताना संप न करण्याची शपथ घ्यावी लागे. या चौकटीत १९६८ मध्ये ‘पॅटको’ ही नियंत्रकांची व्यावसायिक संघटना स्थापन झाली. तिच्या उभारणीत प्रसिद्ध वकील एफ. ली बेली यांचा मोठा वाटा होता.

संघटनेचे त्याच वर्षीचे पहिले आंदोलन अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. ‘ऑपरेशन एअर सेफ्टी’ या नावाने नियंत्रकांनी नियमपुस्तिकेनुसार काम सुरू केले. दोन विमानांत जेवढे अंतर ठेवण्याचा नियम होता तेवढे त्यांनी काटेकोरपणे ठेवले. याहून अधिक काही केले नाही. परिणामी मोठ्या विमानतळांवरील वाहतूक तुंबली. नियम पाळले असता वाहतूक अडते, याचा अर्थ एरवीची वाहतूक नियमांना थोडीथोडी मुरड घालूनच चालत होती. व्यवस्थेतील अपुरेपणा नियंत्रक रोज स्वतःच्या अंगावर घेत होते आणि म्हणूनच तो वरिष्ठांना दिसत नव्हता. कोणत्याही चौकशी अहवालाहून हा पुरावा बोलका म्हणावा लागेल.

अहवालही झाले. जानेवारी १९७० मध्ये सादर झालेल्या कॉर्सन समितीच्या अहवालाने मनुष्यबळाची कमतरता, जादा काम आणि व्यवस्थापन व कर्मचारी यांच्यातील अविश्वास यांवर बोट ठेवले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, बॅटन रूज येथील तीन नियंत्रकांच्या सक्तीच्या बदलीचे निमित्त होऊन, हजारो नियंत्रकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली. न्यायालयाच्या आदेशाने हे आंदोलन संपले. काहींना बडतर्फ केले गेले, परंतु पुढे त्यांतील बहुतेकांना परत घेण्यात आले. ही शेवटची गोष्ट १९८१ च्या संदर्भात महत्त्वाची ठरते. शासन रागावते, दंड करते आणि अखेर परत बोलावते, कारण त्याला आपल्यावाचून गत्यंतर नाही, असा समज नियंत्रकांच्या मनात या अनुभवातून रुजला.

१९७२ च्या कायद्याने नियंत्रकांना लवकर निवृत्तीची सवलत दिली. २० वर्षे सेवा झाली असेल तर ५० व्या वर्षी, आणि २५ वर्षे झाली असतील तर कोणत्याही वयात निवृत्त होता येऊ लागले. ५६ व्या वर्षी निवृत्ती सक्तीची झाली. सेवाप्रवेशासाठीही वयोमर्यादा ठरली आणि ३१ वर्षांखालील उमेदवारच घेतले जाऊ लागले. वाढत्या वयाबरोबर मंदावणारी प्रतिक्रिया व कामाचा ताण लक्षात घेता ही तरतूद योग्य होती. तिचा एक परिणाम मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानी आलेला दिसत नाही. प्रवेश आणि निवृत्ती या दोन्ही टोकांना वयाची मर्यादा घातल्यामुळे, एखाद्या काळात एकदम मोठी भरती झाली तर ती पिढी साधारण पंचवीस वर्षांनी एकदम बाहेर पडणार, हे जणू कायद्यानेच निश्चित झाले.

संप आणि शासनाचे उत्तर

१९७० च्या दशकाच्या अखेरीस परिस्थिती पुन्हा बिघडली. १९७८ मध्ये अमेरिकेत विमान कंपन्यांवरील दर व मार्गविषयक निर्बंध उठवण्यात आले व नव्या कंपन्यांमुळे वाहतुकीचे स्वरूप बदलले. त्याच वर्षी बोस्टन विद्यापीठातील रॉबर्ट रोझ यांच्या नेतृत्वाखालील प्रदीर्घ वैद्यकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. चारशेहून अधिक नियंत्रकांच्या तपासणीवर आधारलेल्या या अभ्यासात उच्च रक्तदाबाचे लक्षणीय प्रमाण आढळले.

१९८० च्या निवडणुकीत ‘पॅटको’ने रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार रेगन यांना पाठिंबा दिला. संघटनेचे नवे अध्यक्ष रॉबर्ट पोली यांना रेगन यांनी २० ऑक्टोबर १९८० रोजी पाठवलेले पत्र या इतिहासातील महत्त्वाचा दस्तऐवज आहे. अपुरी माणसे, अवाजवी तास व कालबाह्य यंत्रे यांमुळे हवाई प्रवासी धोक्यात आले आहेत, असे त्यात रेगन यांनी मान्य केले होते आणि निवडून आल्यास आधुनिक सामग्री देण्याचे तसेच सुरक्षिततेला साजेल अशी कर्मचारीसंख्या व कामाचे दिवस ठरवण्याचे आश्वासन दिले होते. म्हणजे तुटवड्याच्या अस्तित्वाविषयी संघटना व भावी राष्ट्राध्यक्ष यांच्यात मतभेद नव्हता. चित्रपट कलाकारांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून १९६० मध्ये रेगन यांनी स्वतः संपाचे नेतृत्व केले होते, ही बाबही नियंत्रकांच्या विश्वासाला पूरक ठरली असावी.

वाटाघाटींत संघटनेने १०,००० डॉलरची सरसकट वार्षिक पगारवाढ, ३२ तासांचा आठवडा व अधिक चांगले निवृत्तिवेतन मागितले. या मागण्यांचा खर्च सुमारे ७७ कोटी डॉलर होईल, असे शासनाचे म्हणणे होते. २२ जून १९८१ रोजी परिवहनमंत्री ड्र्यू लुईस व पोली यांच्यात झालेला प्राथमिक करार सुमारे ४ कोटी डॉलरचा होता. संघटनेच्या सुमारे ९५ टक्के सदस्यांनी तो फेटाळला.

संघटनेच्या भूमिकेतील एक दोष येथे नोंदवणे आवश्यक आहे. तुटवडा, थकवा व सुरक्षितता हे प्रश्न प्रवाशांच्याही हिताचे होते. परंतु जनतेपुढे ठळकपणे गेला तो १०,००० डॉलरचा आकडा. त्या काळातील सर्वसामान्य अमेरिकन कामगारापेक्षा नियंत्रकाचा पगार बराच अधिक होता. महागाई व बेकारीने गांजलेल्या समाजाला या मागणीविषयी सहानुभूती वाटली नाही. इतर कामगार संघटनांनी निषेधाची पत्रके काढली, पण वैमानिक विमाने उडवत राहिले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कॅनडातील नियंत्रकांनी अमेरिकन विमाने हाताळण्यास नकार दिल्याने अटलांटिकवरील वाहतूक काही काळ विस्कळीत झाली, परंतु तो पाठिंबा टिकला नाही.

शासनाची तयारी संघटनेने गृहीत धरली होती त्याहून अधिक होती. २२ मोठ्या विमानतळांवरील गर्दीच्या वेळेची उड्डाणे निम्म्यावर आणण्याची योजना तयार होती. संपात न उतरलेले नियंत्रक, मुदतीत परतलेले सुमारे १,३०० जण, सुमारे ३,००० पर्यवेक्षक आणि लष्करी नियंत्रक यांच्या आधारे उरलेली वाहतूक चालवण्यात आली. संपापूर्वी देशातील नियंत्रकांची संख्या १७,००० च्या आसपास होती, हे लक्षात घेता किती मोठी पोकळी निर्माण झाली याची कल्पना येते. २२ ऑक्टोबर १९८१ रोजी ‘पॅटको’ची मान्यता रद्द झाली. बडतर्फ कर्मचाऱ्यांना इतर संघीय खात्यांत अर्ज करण्याची मुभा डिसेंबरमध्ये मिळाली; एफएएची दारे मात्र बंदच राहिली.

कायद्याच्या दृष्टीने शासनाची बाजू भक्कम होती, याविषयी फारसे दुमत नाही. शपथ मोडली गेली होती आणि मुदतही दिली गेली होती. प्रशासनाच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट बडतर्फीनंतरची आहे. १९७० प्रमाणे काही महिन्यांनी, अटींवर, निवडकांना का होईना परत घेण्याचा मार्ग उपलब्ध होता आणि तो नाकारण्यात आला. प्रत्येक बडतर्फ नियंत्रकाबरोबर अनेक वर्षांचा स्थानिक अनुभव व्यवस्थेबाहेर गेला. नव्यांना शिकवू शकले असते तेच हे लोक होते. हा बंदी आदेश राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये उठवला. तोपर्यंत बारा वर्षे लोटली होती; प्रत्यक्षात साडेआठशेच्या आसपास नियंत्रकच परत आले.

पुनर्भरती आणि तिचे परिणाम

रिक्त जागांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले. अकादमीत पाळ्या वाढवून प्रशिक्षण सुरू झाले. दोन वर्षांत व्यवस्था पूर्ववत होईल, असा एफएएचा अंदाज होता. उड्डाणांवरील निर्बंध टप्प्याटप्प्याने उठलेही; परंतु पूर्ण पात्र नियंत्रकांची संख्या १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संपापूर्वीच्या पातळीला पोहोचली नसल्याचे अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेने दाखवून दिले. सहा दिवसांचा आठवडा अनेक केंद्रांवर चालूच राहिला. ज्या तक्रारीसाठी संप झाला ती तक्रार संपकऱ्यांच्या जागी आलेल्यांच्या वाट्याला आली.

या संदर्भात मार्च १९८२ मधील जोन्स समितीचा अहवाल उल्लेखनीय आहे. ही समिती शासनानेच नेमली होती आणि तिचे अध्यक्ष लॉरेन्स जोन्स हे उद्योगक्षेत्रातील होते. त्यामुळे तिच्यावर कामगारधार्जिणेपणाचा आरोप करणे कठीण होते. एफएएची व्यवस्थापनपद्धती एकतंत्री आहे, माणसांपेक्षा यंत्रांकडे तिचे अधिक लक्ष आहे आणि यात बदल न झाल्यास नव्या कर्मचाऱ्यांतही तोच असंतोष उद्भवेल, असा इशारा समितीने दिला. तो खरा ठरण्यास पाच वर्षे पुरली. जून १९८७ मध्ये नियंत्रकांनी सुमारे ७० टक्के मतांनी ‘नॅटका’ या नव्या संघटनेला मान्यता मिळवून दिली. मतदान करणाऱ्यांत बहुसंख्य संपानंतर भरती झालेले होते. जुनी माणसे काढून टाकल्याने जुना प्रश्न सुटत नाही याचा हा बराच स्पष्ट पुरावा असूनही, संपाविषयीच्या लेखनात त्याला अनेकदा तळटीपेचेच स्थान मिळते.

१९८२ ते १९९१ या काळात भरती झालेल्यांची निवृत्ती २००७ च्या सुमारास सुरू होणार होती. हे भाकीत करण्यास कोणत्याही विशेष प्रज्ञेची गरज नव्हती. १९७२ चा कायदा व भरतीची नोंदवही एवढे साहित्य पुरेसे होते. तरीही १९९० च्या दशकात या लाटेच्या तयारीसाठी आगाऊ भरती झाली नाही. मंजूर पदांहून अधिक माणसे काही वर्षे पोसावी लागणे हे आगाऊ भरतीचे अपरिहार्य रूप असते, आणि वार्षिक अंदाजपत्रकात अशा खर्चाचे समर्थन करणे कोणत्याही खात्याला अवघड जाते. डिसेंबर २००४ मध्ये एफएएने अखेर दहा वर्षांची योजना जाहीर केली. तीत १२,५०० नियंत्रकांच्या भरतीचे उद्दिष्ट होते.

योजना कागदावर ठीक होती. परंतु २००६ मध्ये ‘नॅटका’शी वाटाघाटी फिसकटल्यावर एफएएने एकतर्फी सेवाशर्ती लागू केल्या, नव्या नियंत्रकांच्या वेतनश्रेणी खाली आणल्या आणि जुन्यांची वाढ रोखली. ज्यांना निवृत्त होता येत होते त्यांनी थांबण्याचे कारणच उरले नाही. निवृत्तीचे प्रमाण प्रशासनाच्या अंदाजाहून अधिक झाले. पुढील दोन-तीन वर्षे वर्षाला सुमारे २,००० जणांची भरती करावी लागली व पुन्हा एकदा एकाच वयाची मोठी पिढी तयार झाली. २००९ च्या नव्या कराराने तणाव निवळला.

याच काळातील दोन घटनांतून आकड्यांमागील वास्तव दिसते. २७ ऑगस्ट २००६ रोजी पहाटे केंटकीतील लेक्झिंग्टन येथे एक प्रवासी विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडण्याच्या प्रयत्नात कोसळले व ५० पैकी ४९ जण मृत्युमुखी पडले. दोष वैमानिकांचा होता, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. परंतु मनोऱ्यात त्या वेळी दोन नियंत्रक असावेत असे निर्देश असताना एकच होता. दोन पाळ्यांमधील नऊ तासांच्या विश्रांतीत त्याला जेमतेम दोन तास झोप मिळाली होती. दुसरी घटना २३ मार्च २०११ ची. वॉशिंग्टनच्या विमानतळावर मध्यरात्रीनंतर मनोऱ्यात एकटाच असलेला नियंत्रक झोपी गेल्याने दोन प्रवासी विमाने मनोऱ्याच्या उत्तराविना उतरली. त्यानंतर रात्रपाळीत एकट्यावर काम सोपवणाऱ्या मनोऱ्यांत दुसरा नियंत्रक देण्यात आला व पाळ्यांमधील किमान विश्रांती आठवरून नऊ तासांवर नेण्यात आली. उतरत्या क्रमाने पाळ्या लावून पाच पाळ्या चार दिवसांत बसवण्याच्या पद्धतीला नियंत्रकांच्या बोलीत ‘रॅटलर’ म्हणतात. हा साप उलटून चावतो, असा त्याचा अर्थ. या विमानतळाला १९९८ पासून रोनाल्ड रेगन यांचे नाव आहे.

अंदाजपत्रकीय खंड आणि अलीकडचा काळ

नंतरच्या दशकात कोणताही संप झाला नाही, तरी भरतीची साखळी वारंवार तुटली. २०१३ मध्ये सक्तीच्या खर्चकपातीमुळे भरती थांबली, अकादमीतील प्रशिक्षण खंडित झाले आणि एप्रिलमध्ये नियंत्रकांना विनावेतन रजा द्यावी लागली. उड्डाणे रखडताच काँग्रेसने काही दिवसांत तोडगा काढला. मात्र भरतीतील खंडाची भरपाई झाली नाही. २०१८-१९ च्या हिवाळ्यात शासकीय कामकाज ३५ दिवस ठप्प होते व नियंत्रक वेतनाविना काम करत होते. २५ जानेवारी २०१९ रोजी दोन प्रादेशिक केंद्रांवर मिळून दहाच्या आसपास नियंत्रक अनुपस्थित राहिले आणि न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळाकडे जाणारी उड्डाणे थोपवावी लागली. त्याच दिवशी शटडाऊन मागे घेण्याचा निर्णय झाला. १९८१ मध्ये १३,००० जणांना जे साधले नव्हते ते अडतीस वर्षांनी दहा-बारा जणांच्या गैरहजेरीने घडले; व्यवस्थेत शिल्लक माणूसच उरला नव्हता, हे त्याचे कारण. २०२० मध्ये कोविड साथीमुळे अकादमी काही महिने बंद राहिली.

परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी जून २०२३ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार सर्वाधिक महत्त्वाच्या २६ पैकी २० केंद्रांवर ८५ टक्क्यांहून कमी मनुष्यबळ होते. न्यूयॉर्कच्या रडार कक्षात हे प्रमाण ५४ टक्के होते. नेवार्क विमानतळाभोवतीच्या आकाशाचे नियंत्रण जुलै २०२४ मध्ये तेथून फिलाडेल्फियाला हलवण्यामागे हेच कारण होते. २८ एप्रिल २०२५ रोजी तेथील रडार व संपर्क यंत्रणा सुमारे ९० सेकंद बंद पडली. मानसिक आघातामुळे काही नियंत्रक रजेवर गेले. त्यांची जागा घेण्यास त्या टापूची पात्रता असलेले इतर कोणी नव्हते, आणि नेवार्कची उड्डाणे अनेक आठवडे कमी करावी लागली. पात्रता त्या त्या ठिकाणापुरती असते याचा अर्थ व्यवहारात हा असा असतो.

देशपातळीवरील चित्र यामुळेच फसवे ठरते. राष्ट्रीय अकादमींच्या जून २०२५ मधील अभ्यासानुसार २०१० ते २०२४ या काळात नियंत्रकांची संख्या सुमारे १३ टक्क्यांनी घटली. परंतु त्याच वेळी काही केंद्रांवर गरजेहून अधिक व काहींवर बरेच कमी नियंत्रक असल्याचेही या अभ्यासाने दाखवले. तुटवडा आणि विषम वाटप हे दोन्ही एकाच वेळी अस्तित्वात आहेत. अनुभवी नियंत्रकांनी महागड्या महानगरात बदलून जावे, तेथे पुन्हा शिकाऊ व्हावे, यासाठी त्यांना प्रवृत्त करणे हा केवळ भरतीने सुटणारा प्रश्न नव्हे.

२९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ प्रवासी विमान व लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जणांचा मृत्यू झाला. त्या रात्री हेलिकॉप्टरांचे व विमानांचे नियंत्रण ही दोन कामे एकाच नियंत्रकाकडे एकत्र सोपवलेली होती. या दुर्घटनेला हेलिकॉप्टरच्या मार्गाच्या आखणीसह अनेक कारणे आहेत आणि केवळ मनुष्यबळाच्या तुटवड्यावर तिचा ठपका ठेवणे अभ्यासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. परंतु कामे एकत्र करण्याची सवय कमी माणसांत निभावण्याच्या दीर्घ इतिहासातूनच आली आहे, हेही नाकारता येत नाही.

मे २०२४ च्या कायद्याने अकादमीच्या पूर्ण क्षमतेने पाच वर्षे भरती करण्याचे बंधन घातले. २०२५ मध्ये प्रशिक्षणार्थींचे वेतन ३० टक्क्यांनी वाढवण्यात आले व २०२८ पर्यंत किमान ८,९०० जणांच्या भरतीची योजना जाहीर झाली. निवृत्तीस पात्र असूनही ५६ व्या वर्षापर्यंत थांबणाऱ्यांना दरवर्षी मूळ वेतनाच्या २० टक्के एकरकमी देण्याचाही निर्णय झाला. २००६ मध्ये ज्यांना जाऊ दिले गेले त्यांच्याच वयाच्या नियंत्रकांना थांबवण्यासाठी हा खर्च आहे. मोठ्या भरतीतून पुन्हा समवयस्कांचीच पिढी तयार होत असून, १९७२ च्या नियमांत बदल न झाल्यास ती २०५० च्या सुमारास निवृत्तीस पात्र होईल.

१ ऑक्टोबर २०२५ पासून शासकीय कामकाज पुन्हा ठप्प झाले, ते ४३ दिवस. नियंत्रकांना वेतन मिळेना, अनुपस्थिती वाढली, काही प्रशिक्षणार्थी नोकरी सोडून जात असल्याचे परिवहनमंत्री शॉन डफी यांनी सांगितले. ७ नोव्हेंबरपासून एफएएने ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणांत ४ टक्के कपातीचा आदेश दिला आणि ती पुढे ६ टक्क्यांपर्यंत नेली. १९८१ मध्ये अशी कपात २२ विमानतळांवर लागू झाली होती. हा आदेश १७ नोव्हेंबर २०२५ रोजी मागे घेण्यात आला.